मुंबईत बीकेसीच्या (वांद्रे-कुर्ला कॉम्प्लेक्स) इनसाइट प्रोग्रामला जाताय? मग हे आधी उरकून घ्या

सिलेक्शनचा मेल आला की लगेच स्टेटस टाकायला धावू नका, आधी मेल पूर्ण वाचा, अगदी खालच्या बारीक अक्षरांपर्यंत, कारण निम्मी तयारी तिथेच लिहिलेली असते आणि निम्म्या पोरांनी ती वाचलेली नसते. मी सेकंड इयरला असताना कोल्हापूरहून मुंबईत एका परदेशी बँकेच्या अशा प्रोग्रामला जाऊन आले. बँकेचं नाव सांगत बसत नाही कारण सगळीकडे साधारण तेच असतं, थोडे दिवस ऑफिसात बोलावतात, वेगवेगळ्या डिपार्टमेंटची लोकं येऊन आपापलं काम सांगतात, एखादी केस स्टडी करायला लावतात, जेवायला घालतात आणि सर्टिफिकेट देऊन पाठवतात. ही इंटर्नशिप नाही आणि नोकरीचा इंटरव्ह्यू पण नाही. कंपनीला पुढच्या इंटर्नशिपसाठी पोरं हेरायची असतात, जमलं तर स्वतःची जाहिरातही करायची असते, त्यात वाईट काही नाही, पण आपणही तिथे बघायलाच चाललोय हे धरून तयारी केली तर काहीतरी हाताला लागतं, नाहीतर लोगोवाली बाटली आणि पिशवी घेऊन परत.

प्रोग्राम खरा आहे ना हे मात्र सगळ्यात आधी बघा. रजिस्ट्रेशन फी, परत मिळणारं डिपॉझिट, किटचे पैसे असं काहीही मागितलं तर विषय संपला, खऱ्या कंपन्या यासाठी एक रुपया मागत नाहीत. मेल कंपनीच्या स्वतःच्या डोमेनवरून आलाय का आणि त्या प्रोग्रामचं पान कंपनीच्या करिअर साइटवर सापडतंय का ते तपासा, आणि तरी शंका आली तर टीपीओ, म्हणजे कॉलेजचं प्लेसमेंट बघणाऱ्या सरांना दाखवा. त्यांच्याकडे गेलाच आहात तर अटेंडन्सचं पण मिटवून या, म्हणजे ऑफर मेलची प्रिंट लावून एचओडींची (विभागप्रमुखांची) सही घेतलेला अर्ज आधीच द्या. परत आल्यावर ७५ टक्क्यांसाठी मागे फिरण्यात मजा नाही, आणि प्रॅक्टिकलचं सबमिशन नेमकं त्याच आठवड्यात येतं हा कुठला तरी निसर्गनियम आहे.

आता ओळखपत्र. कॉलेजचं आयकार्ड अशा ऑफिसच्या रिसेप्शनवर चालत नाही, सरकारी फोटो आयडी लागतं आणि बऱ्याचदा ओरिजिनल लागतं, झेरॉक्स नाही. दुसरं म्हणजे नाव. आपल्याकडे दहावीच्या मार्कशीटवर आडनाव आधी, आधारवर स्वतःचं नाव मग वडिलांचं मग आडनाव, आणि फॉर्म भरताना आपण स्टाइलमध्ये फक्त नाव-आडनाव टाकतो. व्हिजिटर लिस्टमध्ये जे नाव गेलंय ते आधारशी जुळत नसेल तर आधीच एचआरला मेल करून दुरुस्त करून घ्या, नाहीतर सगळे आत गेले आणि आपण सोफ्यावर बसून कोण तरी खाली येऊन ओळख पटवायची वाट बघतोय असं होतं, आमच्या बॅचमधल्या एकाचं झालंच. स्वतःचा लॅपटॉप न्यायला सांगितला असेल तर गेटवर त्याचा सिरियल नंबर लिहून घेतात, तो खालच्या बाजूला असतो, फोटो काढून ठेवा. पेन ड्राइव्ह नेऊच नका. फोनच्या कॅमेऱ्यावर स्टिकर लावायला सांगितलं तर लावायचा, आणि ट्रेडिंग फ्लोअरवर, म्हणजे जिथे बाजारातली खरेदी-विक्री चालते तिथे, सेल्फीचा विचारही करायचा नाही. पहिल्याच दिवशी गुप्ततेच्या कागदावर सही घेतात, ती करण्याआधी वाचा, एक-दोन पानंच असतात.

प्रवासाचं थोडं जास्त सांगते कारण बाहेरगावच्यांची खरी वाट इथेच लागते. कोल्हापूर-सांगलीकडून येणाऱ्यांना महालक्ष्मी एक्सप्रेस बरी पडते, रात्री बसलं की सकाळी मुंबई, पण त्याच सकाळी दादरच्या वेटिंग रूममध्ये आवरून थेट ऑफिस गाठू असलं प्लॅनिंग प्लीज करू नका, गाडी लेट झाली की सगळं कोसळतं. एक दिवस आधी पोचा आणि मावशी-आत्या-काका जे कोणी डोंबिवली-ठाण्यात असेल त्यांच्याकडे राहा. मग संध्याकाळी ऑफिसपर्यंत एकदा नुसतं जाऊन या. बीकेसी म्हणजे स्टेशनच्या बाहेर पडलं की समोर ऑफिस असला भाग नाही, जी ब्लॉक कुठला आणि एफ ब्लॉक कुठला यातच वीस मिनिटं जातात. सेंट्रलवरून येणारे कुर्ल्याला उतरून वेस्टला बस किंवा शेअर रिक्षा घेतात, वेस्टर्नवाले बांद्र्याहून. २०२४ च्या ऑक्टोबरपासून आरे ते बीकेसी भुयारी मेट्रो चालू झाली आणि २०२५ मध्ये तीच अॅक्वा लाइन पुढे दादर, सीएसएमटी करत कफ परेडपर्यंत गेली, त्यामुळे दादर किंवा सीएसएमटीहून आता सरळ येता येतं. डोंबिवलीकडून येणाऱ्यांना आणखी एक रस्ता आहे, घाटकोपरला उतरून मेट्रो १ ने मरोळ नाका आणि तिथे बदलून अॅक्वा लाइनने बीकेसी. थोडं फिरून आहे खरं, पण जुलैच्या पावसात कपडे कोरडे राहतात आणि कुर्ल्याची रिक्षाची रांग वाचते. खाली जमिनीत नेटवर्कच्या भरवशावर राहू नका, तिकीट वरच काढा आणि एचआरचा नंबर, बिल्डिंगचं नाव, मजला हे सगळं कागदावर लिहून ठेवा.

कपड्यांवरून घरात जेवढी चर्चा होते तेवढी गरज नसते. मेलमध्ये बिझनेस फॉर्मल लिहिलं असेल तर शर्ट-पँट, बंद शूज, मुलींना साधा कुर्ता-सलवार पण चालतो, मी तोच घातला होता. ब्लेझर विकत घेऊ नका, फारच वाटलं तर दादाचा किंवा मित्राचा मागून घ्या. पावसाळा असेल तर पायात फ्लोटर्स आणि शूज पिशवीत, ऑफिसच्या खाली बदलायचे. आणि स्टोल किंवा स्वेटर ठेवाच, तिथला एसी असा असतो की दुपारच्या सेशनला अर्धी बॅच हात बगलेत घालून बसलेली असते. डबा नको, जेवण तिथेच असतं, मावशीला हे दोनदा सांगावं लागेल.

बाकी सगळं एका संध्याकाळात होतं, पण कंपनीचा अभ्यास तसा होत नाही, त्याला निदान आठवडा द्या. वेबसाइटवरचं आमची मूल्ये वगैरे वाचून काहीच कळत नाही. ॲन्युअल रिपोर्ट काढा, कंपनी लिस्टेड, म्हणजे शेअर बाजारात नोंदलेली, असेल तर तो फुकट मिळतो, त्यातलं अध्यक्षांचं पत्र वाचा आणि मग सेगमेंटप्रमाणे, म्हणजे धंद्याच्या एकेका भागाप्रमाणे, उत्पन्न दिलेला तक्ता शोधा, म्हणजे पैसा नेमका कुठून येतो ते दिसतं. भारतातली कंपनी लिस्टेड नसेल पण आयपीओ आणायच्या, म्हणजे लोकांना पहिल्यांदा शेअर विकायच्या तयारीत असेल तर तिचा डीआरएचपी, म्हणजे त्याआधी द्यावा लागणारा माहितीचा मसुदा, सेबीच्या (शेअर बाजारावर देखरेख करणाऱ्या संस्थेच्या) साइटवर बघा. मग स्वतःला एकच प्रश्न, ही कंपनी कुणाकडून, कशाबद्दल पैसे घेते? हे आजीला समजेल असं दोन वाक्यात सांगता आलं की अभ्यास झाला. बँक असेल तर फ्रंट ऑफिस (ग्राहकांशी आणि बाजारात थेट व्यवहार करणारे), रिस्क (तोट्याचा धोका मोजणारे), ऑपरेशन्स (झालेले व्यवहार पुरे करणारे), टेक्नॉलॉजी यातला फरक माहीत पाहिजे, कारण मुंबई-पुण्यातल्या परदेशी बँकांच्या ऑफिसांत रिस्क, ऑपरेशन्स आणि टेक्नॉलॉजीची कामं भरपूर असतात आणि पोरं मात्र ट्रेडर व्हायची स्वप्नं घेऊन येतात.

एक उदाहरण देते. आमच्याकडे ऑपरेशन्सची एक ताई आली होती, सगळ्यांना वाटलं आता बोअर होणार. तिने सेटलमेंट, म्हणजे झालेल्या व्यवहारातले पैसे आणि शेअर प्रत्यक्ष पोचवणं, समजावलं. आपल्याकडे शेअर विकला की पुढच्या कामकाजाच्या दिवशी व्यवहार पुरा होतो, हे टी प्लस वन (टी म्हणजे व्यवहाराचा दिवस) २७ जानेवारी २०२३ पासून सगळ्या शेअर्सना लागू झालं, अमेरिका त्यावर आली २८ मे २०२४ ला. म्हणजे आपण आधी. आधी दोन दिवस मिळायचे, आता एक दिवस कमी झाला म्हणजे न जुळणारा व्यवहार शोधून दुरुस्त करायलाही एक दिवस कमी, त्यात परदेशी गुंतवणूकदार दुसऱ्या टाइमझोनमध्ये, त्याला डॉलरचे रुपये पण वेळेत करायचे असतात. हे ऐकल्यावर मला पहिल्यांदा कळलं की त्या एवढ्या मजल्यांवर एवढी माणसं दिवसभर करतात काय. एवढी एक गोष्ट आधी वाचून गेलात ना तरी तुमचे प्रश्न वेगळे येतात. बँकेत जाणार असाल तर रेपो रेट, म्हणजे रिझर्व्ह बँक इतर बँकांना ज्या दराने कर्ज देते तो, सध्या किती आणि तो ठरवणाऱ्या कमिटीत सहा जण असतात एवढं तरी माहीत असू द्या, जाण्याच्या आदल्या दिवशीचा आकडा बघून जा, जुना पाठ केलेला नको.

प्रश्न लिहून न्या. माझं ठाम मत आहे की अशा ठिकाणी काय बोलायचं यापेक्षा काय विचारायचं याचीच तयारी जास्त करावी, कारण बोलणारी पोरं तिथे ढिगाने असतात. तुमच्या कंपनीचं कल्चर कसं आहे हे विचारू नका, त्याचं उत्तर त्यांना पाठ असतं. त्यापेक्षा कालचा दिवस कसा गेला, सकाळी आल्यावर पहिली स्क्रीन कुठली उघडता, तुमच्या टीममध्ये चूक झाली की ती कोण पकडतं, तुम्ही इथे आलात तेव्हा काय येत नव्हतं, असं विचारा. शिफ्टचं तर विचाराच. न्यूयॉर्कचा बाजार त्यांच्या साडेनऊला उघडतो म्हणजे आपल्याकडे उन्हाळ्यात संध्याकाळचे ७ आणि हिवाळ्यात ८, तर त्या बाजारात व्यवहार करणाऱ्या डेस्कला सपोर्ट करणारी इथली टीम घरी कधी जाते हे उघड आहे. मुलींनी घरच्यांसाठी हेही विचारून घ्यावं की रात्रीचा ड्रॉप आहे का. महाराष्ट्राच्या २०१७ च्या दुकाने व आस्थापना कायद्याप्रमाणे रात्री साडेनऊनंतर बाईला कामावर ठेवायचं तर तिची संमती लागते आणि सुरक्षेची, घरी पोचवायची सोय करावी लागते, त्यामुळे हा प्रश्न विचारताना ओशाळायचं कारण नाही.

हे प्रश्न स्टेजवरच्या मोठ्या माणसाला नाही, जेवणाच्या टेबलावर विचारायचे. एक-दोन वर्षांपूर्वी लागलेली पोरं तिथे मुद्दाम आपल्यात बसवलेली असतात आणि खरी माहिती, म्हणजे कुठली टीम बरी, कुठे मॅनेजर सतत बदलतात, इंटर्नशिपच्या राउंडला काय विचारतात, ती त्यांच्याकडूनच मिळते. म्हणून आपल्याच कॉलेजच्या मैत्रिणीबरोबर कोपऱ्यात बसायचं नाही, हे आधीच दोघींनी ठरवून घ्या.

इंग्लिशची भीती असेल तर, आणि मराठी मीडियममधून आलेल्या बहुतेकांना असतेच, स्वतःची ओळख चार वाक्यात लिहून आरशासमोर नाही तर फोनवर रेकॉर्ड करून ऐका. नाव, कुठून, काय शिकताय, आणि स्वतः केलेलं एक काम, बास. कुणी फार भराभर बोललं तर परत सांगता का म्हणायला लाजू नका, तसे बाकीचे पण नुसती मान हलवत असतात. तिथे सगळे एकमेकांना पहिल्या नावाने बोलावतात, अगदी टकले, पन्नाशीचे डायरेक्टर सुद्धा, आणि आपल्या तोंडातून सरच निघतं, त्याचं फार टेन्शन घेऊ नका, नावाने हाक मारताना अडखळण्यापेक्षा सर बरं.

केस स्टडीसाठी एक्सेल हात बसेपर्यंत करा, पिव्होट टेबल आणि लुकअप एवढं पुरतं. एखादा गेसटिमेट, म्हणजे अंदाजाने आकडा काढायचं कोडं, पण सोडवून बघा, मुंबईत रोज किती वडापाव खपतात असला. उत्तर कुणालाच माहीत नसतं, तुम्ही पायऱ्या कशा लावता ते बघतात. २०११ च्या जनगणनेत बृहन्मुंबईचे १ कोटी २४ लाख लोक होते, तिथून सुरू करा, आज किती धरायचे ते सांगा, त्यातले बाहेर खाणारे किती, आठवड्यातून किती वेळा, असं मोठ्याने बोलत बोलत जा. ग्रुपमध्ये एखादा मोठ्या कॉलेजचा मुलगा सगळी सूत्रं घेणारच, त्याच्याशी भांडण्यापेक्षा आकड्यांची शीट तुम्ही उघडा आणि शेवटी मांडायची एक स्लाइड आपल्याकडे ठेवा, बघणारे एवढं बघतात.

रोज रात्री कितीही दमलात तरी कोण भेटलं, कुठल्या टीमचं, काय म्हणालं हे लिहून काढा, दोन दिवसांनी सगळी गळ्यात आयकार्डची पट्टी घातलेली माणसं सारखीच वाटायला लागतात. लिंक्डइनवर रिक्वेस्ट दुसऱ्या दिवशीच पाठवा आणि सोबत कुठल्या गोष्टीवर बोलणं झालं ते एका ओळीत लिहा. इंटर्नशिपचा फॉर्म कधी उघडतो ते एचआरला विचारून तारीख फोनमध्ये रिमाइंडरला लावा. आणि प्रवासखर्च देणार असतील तर रेल्वेचं तिकीट, मेट्रोचं क्यूआर, रिक्षाच्या अॅपचं बिल यांचे स्क्रीनशॉट एकाच फोल्डरमध्ये, घरी पोचल्या पोचल्या पाठवून द्या. रस्त्यावरच्या शेअर रिक्षाचं बिल मिळत नाही, ते खिशातलेच गेले समजा.