मेन्साचे सदस्यत्व घ्यावे का? फोंड्यातील एका विद्यार्थ्याचा अनुभव

अभियांत्रिकीच्या तिसऱ्या वर्षाला असताना मी मेन्साची, म्हणजे बुद्धिमत्ता चाचणीत वरच्या 2 टक्क्यांत येणाऱ्यांना सदस्यत्व देणाऱ्या संस्थेची, चाचणी द्यायचे ठरवले आणि त्यासाठी फोंड्याहून रात्रीच्या बसने पुण्याला गेलो. नऊ चौकटींपैकी आठ भरलेल्या आणि नववीत कोणती आकृती येईल ते ओळखायचे, अशा प्रश्नांचा त्यात भरणा होता. काही आठवड्यांनी मी वरच्या 2 टक्क्यांत असल्याचे पत्र आले, तेव्हा आईने ते आधी देवापुढे ठेवले आणि मगच मला वाचू दिले.

ही संस्था रोलंड बेरिल आणि लान्सलॉट वेअर यांनी 1946 साली ऑक्सफर्ड येथे स्थापन केली. मेन्सा म्हणजे लॅटिन भाषेत मेज. त्याभोवती सगळ्यांनी समान मानाने बसावे, ही त्यामागची कल्पना. प्रवेशासाठी लागणारा बुद्ध्यंक प्रमाण विचलन (गुण सरासरीभोवती किती पसरलेले आहेत त्याचे माप) 15 असलेल्या चाचणीत साधारण 130 असतो, तर कॅटेल नावाच्या 24 प्रमाण विचलनाच्या चाचणीत तोच 148 होतो. म्हणून कोणी आपला बुद्ध्यंक सांगितला, तर आधी चाचणी कोणती ते विचारावे. शिवाय 2 टक्के म्हणजे पन्नासांत एक. 2011 च्या जनगणनेतील गोव्याची 14.58 लाख लोकसंख्या धरली, तर आपल्यातलेच सुमारे 29 हजार जण या हिशेबात बसतात.

नोकरीसाठी या सदस्यत्वाचा मला काहीही उपयोग झाला नाही. वेर्णा येथील एका कंपनीत मुलाखत घेणाऱ्यांनी माझ्या अर्जातील मेन्साची ओळ वाचली, पान उलटले आणि पंपाच्या प्रकल्पात मोटर वारंवार का तापत होती, यावर वीस मिनिटे प्रश्न विचारले. मला ते योग्यच वाटते. मानसशास्त्रज्ञ लुईस टर्मन यांनी 1921 मध्ये कॅलिफोर्नियात कुशाग्र मुलांचा दीर्घ अभ्यास सुरू केला, तेव्हा विल्यम शॉकली आणि लुईस अल्वारेझ हे दोघे चाचणीत कमी पडल्यामुळे त्यात घेतले गेले नाहीत. पुढे दोघांनाही भौतिकशास्त्राचे नोबेल मिळाले.

लाभ झाला तो सहवासाचा. पुण्यातील एका बैठकीत एक निवृत्त शिक्षिका, एक वकील आणि मी असे तिघे एका कोड्यावर संध्याकाळभर वाद घालत बसलो होतो. अर्धे वाक्य बोलताच समोरच्याला पुढचे कळत होते, आणि असा निखळ आनंद मला वर्गात क्वचितच मिळाला होता. मात्र अशा बैठकांसाठी गोव्याहून दर वेळी जाणे जमेना, म्हणून वर्षभरानंतर मी सदस्यत्वाचे नूतनीकरण केले नाही.

पुणे, मुंबई किंवा बंगळुरूत शिकायला जाणार असाल, तर सदस्यत्व जरूर घ्या आणि बैठकांना नेमाने जा. गोव्यातच राहणार असाल, तर मी ते पैसे आणि तो वेळ एखाद्या प्रकल्पावर खर्च करायला सांगेन. केवळ कुतूहल म्हणून चाचणी द्यायची असेल, तर एक दिवस आधी पोहोचा. रात्रभर घाटातून प्रवास करून थेट परीक्षेला बसल्यामुळे माझे शेवटचे पाच प्रश्न राहून गेले होते.