मिश्रणाची गणितं: टक्के नको, माल मोजा

मिश्रणाच्या गणितात पोरं एकाच ठिकाणी अडकतात, 20% आणि 10% दिसलं की सरळ सरासरी काढून 15 लिहून मोकळी. अहो टक्क्यांची बेरीज होत नाही, बेरीज होते मालाची, म्हणजे मीठ किती किलो, पैसे किती रुपये. समीकरण नेहमी त्याचंच मांडायचं.

काजू घ्या. समजा म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात पाकळी 800 रुपये किलो आणि अख्खा काजू 1200, आणि 900 च्या भावाचा 20 किलो मिक्स करायचाय. पाकळी क्ष किलो धरली की अख्खा काजू (20 − क्ष), दुसरं अक्षर घ्यायची गरजच नाही कारण एकूण वजन माहितीय. आता फक्त पैसे मांडा, मिक्सचे एकूण 20 × 900 = 18000:

800क्ष + 1200(20 − क्ष) = 18000

कंस सोडवताना 1200 ने दोन्ही पदांना गुणा, घाईत 24000 लिहून पुढे नुसताच क्ष ठेवतात आणि तिथेच मार्क जातात. 24000 − 400क्ष = 18000, म्हणजे क्ष = 15. पाकळी 15 किलो, अख्खा 5. पडताळा पण कराच, 12000 + 6000 = 18000. शिवाय 900 हा आकडा 800 च्या जवळ आहे म्हणजे पाकळी जास्त लागणारच, उत्तर उलटं आलं तर भावांची अदलाबदल झालीय.

मला सगळ्यात आवडतं ते मिठागराचं गणित. पेडण्यात अगरवाड्याला खारं पाणी आगरात घेऊन उन्हात आटवतात. समुद्राच्या पाण्यात वजनाने साधारण 3.5% मीठ, म्हणजे 100 किलो पाण्यात साडेतीन किलो. ते 10% व्हायला किती पाणी आटलं पाहिजे? पाणी उडून जातं पण मीठ आहे तेवढंच राहतं, म्हणून मिठाचं समीकरण:

0.10(100 − क्ष) = 3.5

100 − क्ष = 35, क्ष = 65. बघा, टक्के तिप्पटही झाले नाहीत आणि 65 किलो पाणी गेलं! नुसते टक्के बघून हे कधीच लक्षात येत नाही.

साधं पाणी ओतायचं असेल तर ते 0% धरा, कोरडं मीठ घालायचं असेल तर 100%. त्याच 100 किलोत मीठ टाकून 10% करायचं असेल तर 3.5 + क्ष = 0.10(100 + क्ष). उजवीकडचा क्ष विसरू नका, मीठ टाकलं की एकूण वजनही वाढतं. उत्तर साधारण 7.22 किलो, 6.5 आलं असेल तर तो क्ष राहिलाय.