आजच्या मगरीला लांब पाय जोडू नका : जमिनीवरच्या प्राचीन मगरींबद्दल या चुका टाळा

जमिनीवर राहणाऱ्या प्राचीन मगरींवरचे लेख, प्रदर्शनांचे फलक, चित्रं असं बरंच काही माझ्याकडे तपासायला येतं. विषय लोकांपर्यंत पोचतोय याचा मला मनापासून आनंद आहे. पण चुका दरवेळी त्याच असतात आणि बहुतेकींचं मूळही एकच असतं. आजची मगर हाच साचा धरायचा आणि त्यात थोडं इकडचं-तिकडचं करून जुने प्राणी उभे करायचे.

हा साचाच मुळात तोकडा आहे. आर्कोसॉर या सरीसृपांच्या प्राचीन गटाला साधारण २५ कोटी वर्षांपूर्वी दोन फांद्या फुटल्या. एकीवर पुढे डायनोसॉर आणि पक्षी आले, दुसरीवर मगरी. या दुसऱ्या फांदीला स्यूडोसुकिया म्हणतात. मगर, सुसर, ॲलिगेटर, केमन सगळे धरूनही आज तिच्यावर तीसच्या आतच जाती उरल्या आहेत आणि त्या सगळ्या पाण्याच्या आधाराने जगतात. एवढ्या उरलेल्यांवरून अख्ख्या फांदीचा अंदाज बांधायला गेलं की घोळ होणारच.

चूक पहिली : कवटी न बघता चित्र काढणं

ही चूक मी सगळ्यात जास्त वेळा पाहिली आहे आणि तिचा मला सगळ्यात जास्त त्रास होतो, कारण ती टाळणं अगदी सोपं आहे.

एका प्रदर्शनासाठी बाउरुसुकसची पूर्ण आकाराची प्रतिकृती करायची ठरली होती. हा ब्राझीलमधला, क्रिटेशियस काळातला (साधारण साडेचौदा ते साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या) शिकारी. मला बोलावलं तेव्हा फायबरचं काम पूर्ण होऊन वर रंगही चढला होता. डोकं चपटं आणि रुंद, डोळे टाळूवर, नाकपुड्या आकाशाकडे, पाय बाजूला फाकलेले, फक्त नेहमीपेक्षा लांब. म्हणजे नदीकाठची मगर, पायांखाली विटा लावून उंच केलेली. कवटीचा बाजूने घेतलेला मोठा फोटो त्याच खोलीत भिंतीवर चिकटवलेला होता. काम चालू होतं तेवढे सगळे दिवस तो तिथेच होता. प्रतिकृतीचं डोकं त्या फोटोशेजारी धरून बघावं असं कुणालाही वाटलं नव्हतं. कारण विचारलं तर उत्तर आलं, ‘मगर कशी दिसते ते माहीतच आहे ना.’

शेवटी डोकं मानेपासून कापून नवीन केलं. पाय मात्र तसेच राहिले, कारण आतला लोखंडी सांगाडा फाकलेल्या पायांच्याच बेताने जोडलेला होता आणि उद्घाटनाची तारीख जवळ आली होती. घाईची किंमत अशी मोजावी लागते.

पाण्यात दबा धरणाऱ्या प्राण्याचे डोळे आणि नाकपुड्या डोक्याच्या वरच्या बाजूला असतात, कारण तेवढाच भाग पाण्याबाहेर ठेवायचा असतो. बाउरुसुकसला तसं काही करायचं नव्हतं. त्याची कवटी उंच आणि अरुंद होती, डोळे बाजूला होते, नाकपुड्या पुढे होत्या. दातांचंही तसंच. आजच्या मगरीचे दात शंकूसारखे, म्हणजे भक्ष्य पकडून ठेवण्यासाठी. बाउरुसुकसचे दात दोन्ही बाजूंनी दाबलेले आणि कडेला बारीक करवतीची धार असलेले, म्हणजे मांस कापण्यासाठी. पाय शरीराच्या खाली सरळ होते.

सरळ पाय दिसले की लोक लगेच डायनोसॉरचा खुबा काढून मोकळे होतात. तेही चुकतं. डायनोसॉरमध्ये मांडीच्या हाडाचं डोकं आत वळून खुब्याच्या खाचेत बसतं. मगरींच्या फांदीवरच्या, ट्रायासिक काळातल्या (साधारण २५ ते २० कोटी वर्षांपूर्वीच्या) पोस्टोसुकससारख्या मोठ्या शिकाऱ्यांमध्ये खुब्याचं हाडच छपरासारखं बाहेर आलेलं असतं आणि मांडीचं हाड खांबासारखं त्याच्या खाली उभं राहतं. काम एकच, रचना मात्र निराळी. चित्रात एवढं जमलं तर जाणकार माणूस तिथेच थांबून बघतो.

माझी सवय अशी : आधी फक्त कवटी, तीही बाजूने. तिच्यावर तीन खुणा करते. नाकपुडी कुठे, डोळा कुठे, जबड्याचा सांधा कुठे. मग खुबा आणि मांडीचं हाड. एवढं कागदावर उतरेपर्यंत जिवंत मगरीचा एकही फोटो उघडत नाही. नवशिक्यांना हे कंटाळवाणं वाटतं. त्यांना पहिल्या तासात खवले आणि रंग हवे असतात. खवले शेवटी काढा.

‘मगरी पाण्यातून जमिनीवर आल्या’ असं लिहिणं

नेमकं उलटं आहे. मगरीच्या थेट वंशातले सुरुवातीचे प्राणी जमिनीवरचेच होते. वेल्समध्ये सापडलेला टेरेस्ट्रिसुकस किंवा ॲरिझोनातला हेस्पेरोसुकस बघा. सडपातळ अंग, काटकुळे लांब पाय, धावायला तयार. पाण्याकडे वळणं ही नंतरची गोष्ट, आणि तीही सगळ्यांनी केली नाही. आजच्या मगरीतसुद्धा त्या दिवसांच्या खुणा आहेत. तिच्या हृदयाला पक्ष्यांसारखे चार पूर्ण कप्पे आहेत. पोट जमिनीवरून उचलून ती ताठ पायांनी चालू शकते आणि ऑस्ट्रेलियातली गोड्या पाण्यातली मगर तर चक्क चौखूर उधळते. ‘कोट्यवधी वर्षं न बदललेला प्राणी’ हे वाक्य म्हणूनच मी दिसेल तिथे खोडते.

भरभर सांगण्यासारख्या काही

मगर उभयचर नाही, सरीसृप आहे. पाण्यात आणि जमिनीवर दोन्हीकडे दिसते म्हणून बेडकाच्या रांगेत बसवू नका.

सार्कोसुकस आणि डायनोसुकस प्रचंड होते, पण पाण्यातले होते. जमिनीवरच्यांच्या यादीत त्यांना केवळ आकारासाठी घुसडू नका.

फायटोसॉर मगरीसारखे दिसतात, पण मगरी नाहीत. नाकपुड्या बघा : मगरीच्या मुस्कटाच्या टोकाला, फायटोसॉरच्या पार मागे, डोळ्यांजवळ.

डायनोसॉर मगरींपासून झाले नाहीत. दोघं चुलत भावंडं.

नावाच्या शेवटी ‘सुकस’ आहे म्हणून प्राणी मगरकुळातला ठरत नाही. जबलपूरच्या बडा शिमला टेकडीवरचा लेव्हिसुकस हा डायनोसॉर आहे.

एका हाडावरून अख्खा प्राणी

चूक पहिलीइतकीच जुनी, आणि हिच्यात जाणकारसुद्धा फसलेले आहेत. त्यामुळे नवशिक्यांनी जास्त जपायला हवं.

रेव्हुएल्टोसॉरसचं उदाहरण मी प्रत्येकाला सांगते. न्यू मेक्सिकोत ट्रायासिकच्या खडकांत पानासारखे, कातरलेल्या कडांचे दात मिळाले. असे दात शाकाहारी डायनोसॉरचे असतात हे सगळ्यांना ठाऊक होतं. म्हणून १९८९ साली हा प्राणी सुरुवातीचा शाकाहारी डायनोसॉर म्हणून नोंदवला गेला. पुढे ॲरिझोनाच्या पेट्रिफाइड फॉरेस्ट राष्ट्रीय उद्यानात त्याच दातांसोबत हाडंही मिळाली. २००५ साली जाहीर झालं की हा डायनोसॉर नव्हेच, मगरींच्या फांदीवरचा आहे. परिणाम एका नावापुरता राहिला नाही. नुसत्या दातांवरून ठरवलेल्या ट्रायासिकमधल्या इतर शाकाहारी डायनोसॉरांवरही प्रश्नचिन्ह लागलं.

शुव्होसॉरसचंही तेच. टेक्सासमधली ती दातविरहित, चोचीची कवटी १९९३ साली शहामृगासारख्या डायनोसॉरची म्हणून वर्णिली गेली. मग २००६ मध्ये एफिजिया पुढे आला. न्यू मेक्सिकोच्या घोस्ट रँचमधून १९४७-४८ मध्ये काढलेले दगडाचे ठोकळे न्यूयॉर्कच्या अमेरिकन म्युझियम ऑफ नॅचरल हिस्टरीत कित्येक दशकं प्लास्टरमध्ये बंद पडून होते. ते उघडल्यावर आतून दोन पायांवर चालणारा, चोचवाला, लांब मानेचा प्राणी निघाला. वरून बघावं तर हुबेहूब शहामृगी डायनोसॉर. घोट्याचं हाड मात्र मगरीच्या धर्तीचं. शुव्होसॉरसही त्याच्याच जवळचा निघाला. शहामृगी डायनोसॉर यायच्या कितीतरी कोटी वर्षं आधी मगरींच्या फांदीने तो आकार वापरून पाहिला होता. मला या सगळ्या विषयात सर्वांत थक्क करणारी गोष्ट हीच वाटते.

मग लोक म्हणतात, ‘म्हणजे घोटा बघितला की झालं.’ तेवढ्यावरही थांबू नका. प्राणहिता-गोदावरी खोऱ्यातल्या येरापल्ली थरांमधला यारासुकस घ्या. २००५ मध्ये त्याचं वर्णन झालं तेव्हा त्याला मगरींच्या फांदीवर बसवलं होतं. २०१७ मध्ये टांझानियातल्या टेलिओक्रेटरचा अभ्यास प्रसिद्ध झाला आणि लक्षात आलं की पक्ष्यांच्या फांदीवरच्या सुरुवातीच्या प्राण्यांचा घोटाही मगरीच्याच धर्तीचा होता. यारासुकस त्या फांदीवर हलवला गेला. जुन्या पुस्तकावरून यादी उतरवणारे त्याला अजूनही मगरींत धरतात.

काप्रोसुकसबद्दल तर मला पोटतिडकीने सांगायचंय. नायजरमधला, जबड्याबाहेर आलेल्या सुळ्यांचा हा प्राणी २००९ साली वर्णिला गेला आणि लगेच सगळीकडे पसरला. घोड्यासारखे पाय, डायनोसॉरवर झेप, काय वाटेल ते. त्याची फक्त कवटी मिळालेली आहे. पायांचं एकही हाड नाही. कवटीवरून तो जमिनीवरचा असावा असं मांडलं गेलं, पण ज्या मगरींशी त्याचं जवळचं नातं जुळतं त्यांच्याकडे पाहता हे वादाचं आहे. लेखात त्याला जरूर घ्या. पण ‘फक्त कवटी उपलब्ध’ हे शब्द त्याच ओळीत लिहा, तळटीपेत नको.

मी प्रत्येक प्राण्यासाठी एक कार्ड ठेवते. नाव, ठिकाण, काळ, आणि खाली मोठ्या अक्षरांत कोणती हाडं मिळाली आहेत. कार्डावर हाडांची ओळ रिकामी असेल तर त्या प्राण्याबद्दल एकही विधान करत नाही. वेळ लागतो. कुणी तयार यादी मागितली तर मी देत नाही, कारण ती यादी पुढच्या लेखात जशीच्या तशी उतरते.

सगळ्यांना मांसाहारी ठरवणं

२०१९ साली दातांच्या गुंतागुंतीवर एक अभ्यास प्रसिद्ध झाला. नामशेष मगरींमध्ये शाकाहार निदान तीन वेळा स्वतंत्रपणे आला, असा त्याचा निष्कर्ष आहे. त्याहून आधी, ट्रायासिकमध्ये, पाठीवर हाडांच्या ढाली वागवणारे एटोसॉर होतेच. त्यांतले बहुतेक पाला-मुळं खाणारे मानले जातात.

मादागास्करचा सिमोसुकस जवळून बघण्यासारखा आहे. लांबी एक मीटरही नाही. तोंड पुढून सपाट, जणू मुस्कट कापून टाकलंय. दात लवंगेच्या आकाराचे, वर अनेक टोकं. पाठ, पोट, शेपटी आणि पायांवरसुद्धा हाडांचं कवच. शेपटी आखूड. तो डोक्याने माती उकरून बिळात राहायचा असा अंदाज सुरुवातीला मांडला गेला होता. २०१० मधल्या सविस्तर अभ्यासाने त्याला दुजोरा दिला नाही, तरी चित्रांत तो अजून बिळातून डोकावतोय.

टांझानियाचा पाकासुकस मांजराएवढा. त्याच्या जबड्यात सुळे आणि दाढा वेगवेगळ्या, दाढा सस्तन प्राण्यांसारख्या एकमेकींत बसणाऱ्या. चीनमधल्या किमेरासुकसच्या दाढांवर उंचवट्यांच्या रांगा. या दाढा नुसत्या हातात दिल्या तर मगर कुणाच्या मनातही येणार नाही.

शिकारी होतेच, आणि ते आपल्याच नातेवाइकांना खात. ब्राझीलच्या अप्लेस्टोसुकसच्या पोटाच्या पोकळीत दुसऱ्या, लहान जमिनीवरच्या मगरीचे दात मिळाले आहेत. खाणारा मगर, खाल्लेला मगर, दोघं जमिनीवरचे, एकाच सांगाड्यात. असा पुरावा समोर असताना लोक दरवेळी डायनोसॉरशी काल्पनिक झुंज का रंगवतात, मला कळत नाही.

सगळ्यांना एका कुळात कोंबणं, आणि डायनोसॉरबरोबर संपवणं

‘जमिनीवरच्या मगरी’ हे एक कुळ नाही. सिमोसुकस, पाकासुकस, बाउरुसुकस हे नोटोसुकियातले. मुख्यतः दक्षिणेकडच्या, गोंडवनातून फुटलेल्या खंडांवरचे. इओसिन काळातला (साधारण साडेपाच ते साडेतीन कोटी वर्षांपूर्वीचा), जर्मनी आणि अमेरिकेतला बोव्हेरिसुकस मात्र आजच्या मगरींच्या कितीतरी जवळचा. त्याच्या बोटांची टोकं खुरांसारखी होती. तो स्वतंत्रपणे जमिनीकडे वळला. बाउरुसुकस आणि बोव्हेरिसुकस, दोघांच्या दातांना करवतीची धार आहे एवढ्यावरून त्यांना शेजारी बसवू नका.

काळाचा घोळ आणखी मोठा. साडेसहा कोटी वर्षांपूर्वी डायनोसॉर गेले तशा या मगरीही गेल्या, असं बेधडक लिहिलं जातं. दक्षिण अमेरिकेतले सेबेसिड, म्हणजे जमिनीवरच्या मगरींचा एक गट, त्यातून वाचले. पॅटागोनियाचा सेबेकस इओसिनमधला आहे आणि व्हेनेझुएलाचा अजस्र बॅरिनासुकस थेट मायोसिनमधला (साधारण सव्वादोन कोटी ते अर्धा कोटी वर्षांपूर्वीचा काळ). धारदार दातांच्या या शिकाऱ्यांनी सस्तन प्राण्यांच्या युगात कोट्यवधी वर्षं शिकार केली. ऑस्ट्रेलियातला क्विंकाना तर त्याहून अलीकडचा, हिमयुगापर्यंतचा. तो जमिनीवरचा होता हा मात्र मुख्यतः कवटी आणि दातांवरून काढलेला अंदाज आहे, तेव्हा लिहिताना ‘असावा’ म्हणा.

कालरेषा काढताना मी प्रत्येक गटासाठी ठिपका न देता आडवी पट्टी काढते, पहिल्या जीवाश्मापासून शेवटच्यापर्यंत. सेबेसिडांची पट्टी साडेसहा कोटींची रेघ ओलांडून पुढे जाते.