आयर्लंडमधलं बाटल्या-कॅनचं डिपॉझिट: पैसे परत कसे काढायचे, तेही डोकं न फिरवून घेता

डब्लिनला, कॉर्कला किंवा गॉलवेला नवीन आलेल्या प्रत्येकाचा हा प्रश्न ठरलेलाच असतो, की शेल्फवर पाण्याच्या बाटल्यांची किंमत एक लिहिलीये आणि बिलात त्याच्या खाली अजून एक ओळ येऊन जास्तीचे पैसे कसे काय लागले. तर तो टॅक्स नाही आणि दुकानदाराने फसवलेलंही नाही. ते डिपॉझिट आहे. १ फेब्रुवारी २०२४ पासून इथे री-टर्न नावाची योजना चालू आहे, त्यात १५० मिली ते ५०० मिलीच्या बाटलीला किंवा कॅनला १५ सेंट आणि ५०० मिलीच्या वर ३ लिटरपर्यंत २५ सेंट घेतात, रिकामं भांडं परत दिलं की तेवढेच परत मिळतात. ऐकायला एकदम सोपं. पण २४ कॅनचा खोका घेतलात तर ३ युरो ६० सेंट तिथेच अडकले, आणि ते सोडवायला जे काही करावं लागतं त्यावरून इथले लोक, आयरिश काय नि आपले काय, सगळेच वैतागलेले आहेत. म्हणून हे सविस्तर लिहितोय.

पहिल्यांदा काय चालतं ते बघा. प्लॅस्टिकच्या पेट बाटल्या आणि ॲल्युमिनियमचे किंवा स्टीलचे कॅन, बस. काच नाही, टेट्रापॅक नाही, दूध आणि दुधाचे पदार्थ नाहीत, म्हणजे लस्सीची बाटली कितीही बाटलीसारखी दिसली तरी ती यात येत नाही. तेलाची, व्हिनेगरची, भांड्यांच्या लिक्विडची बाटली तर नाहीच नाही, योजना फक्त पेयांची आहे. गोंधळ झाला की लेबलवर री-टर्नचा लोगो शोधायचा. लोगो असेल तर डिपॉझिट भरलेलं आहे, नसेल तर मशीनसमोर उभं राहून हुज्जत घालण्यात अर्थ नाही. सुरुवातीचे काही महिने जुना बिनलोगोचा माल विकायला परवानगी होती म्हणून तेव्हा फार घोळ झाले, १ जून २०२४ पासून ती सवलत संपली. इंडियन स्टोअरमधून आंब्याचं पेय वगैरे घेता तेव्हा मात्र अजूनही लोगो बघून घ्या, आणि बाटलीवर लोगो नसताना बिलात डिपॉझिट लावलेलं दिसलं तर तिथल्या तिथे विचारा, घरी जाऊन ग्रुपवर फोटो टाकण्यापेक्षा ते बरं.

आता सगळ्यात महत्त्वाचं, बाटली चेपायची नाही. हे आपल्याला जास्त जड जातं, कारण आपण लहानपणापासून पाण्याच्या बाटलीवर 'वापरानंतर चुरगाळून टाका' हेच वाचत आलोय, स्टेशनवर बाटली संपली की हात आपोआप ती पिळतो आणि टोपण लावून कचऱ्यात. इथे तसं केलंत की १५ सेंट गेले. मशीन बारकोड वाचतं, आकार तपासतं, मग स्वतःच आत चेपतं, म्हणजे चेपायचं काम त्याचं आहे, तुमचं नाही, कारण आधीच चेपलेलं घेतलं तर तीच बाटली कोणी पुन्हापुन्हा आणून पैसे काढेल. लेबलही फाडायचं नाही, बारकोड त्याच्यावरच असतो. चुकून चेपलीच तर प्लॅस्टिकची बाटली तोंडाने फुगवून बऱ्यापैकी पूर्ववत होते, टोपण उघडा, जोरात फुंका, लगेच टोपण लावा (लोकांसमोर जरा विचित्र दिसतं पण मशीनच्या रांगेत हे करणारे तुम्ही एकटे नसता). कॅनला हा उपाय नाही. पायाखाली चेपलेला कॅन सरळ हिरव्या, म्हणजे रिसायकलिंगच्या बिनमध्ये टाका आणि विसरा.

घरी साठवणं ही खरी कटकट आहे. अपार्टमेंटमध्ये राहत असाल तर बाल्कनीत नाहीतर जिन्याखाली एक मोठी पिशवी लागतेच, न चेपलेल्या बाटल्या भयानक जागा खातात, आणि कॅन न विसळता ठेवलेत तर दोन दिवसात बिअरचा आंबूस वास आणि चिलटं. म्हणून प्यायलं की लगेच थोडं पाणी घालून हलवायचं, ओतायचं, उलटं ठेवून निथळू द्यायचं. हा आळस केला की पिशवीच्या तळाला चिकट पाणी साठतं आणि ते मग गाडीच्या डिकीत सांडतं, त्यावर घरात जे बोललं जातं ते इथे लिहिण्यासारखं नाही. मोठी निळी झिपवाली बॅग चांगली, कचऱ्याच्या काळ्या पिशव्या फाटतात. शेअरिंगमध्ये राहत असाल तर पहिल्याच आठवड्यात ठरवून टाका की बाटल्या कोणी न्यायच्या आणि पैसे कोणाचे, कारण सगळे विकत आणतात आणि एकच जण वाहून नेतो, मग चाळीस-पन्नास सेंटवरून अबोला धरलेली घरं मी पाहिलेली आहेत. आमच्या ओळखीतला सगळ्यात चांगला तोडगा म्हणजे जो नेईल पैसे त्याचे, हिशोब बंद.

आता न्यायचं कुठे. जिथून घेतलं तिथेच द्यावं लागतं असं अजिबात नाही, योजनेतलं कुठलंही परतीचं दुकान चालतं आणि बिल दाखवायची गरज नाही. टेस्को, लिडल, आल्डी, डन्स, सुपरव्हॅल्यू अशा मोठ्या दुकानांत मशीन असतं, काही छोट्या दुकानांत मशीन नसतं पण काउंटरवर हाताने मोजून घेतात. अगदी लहान दुकानांना मात्र यातून सूट मागता येते, म्हणजे ते डिपॉझिट घेणार पण बाटली परत घेणार नाहीत, आणि हे कळल्यावर पहिल्यांदा कोणाचंही डोकं फिरतं. म्हणून री-टर्नच्या साइटवरचा नकाशा बघून आपल्या जवळची जागा आधी हेरून ठेवायची. आणि फक्त बाटल्यांसाठी वेगळी चक्कर मारू नका हो, दीड युरोसाठी गाडी काढून पेट्रोल जाळण्यात काय शहाणपण आहे, आठवड्याचं सामान आणायला जाताना घेऊन जायचं, आत शिरण्याआधी मशीन, मग खरेदी.

वेळ फार महत्त्वाची. शनिवार-रविवारची दुपार टाळा, बँक हॉलिडेनंतरचा (म्हणजे सार्वजनिक सुट्टीनंतरचा) दिवस तर टाळाच, आणि ख्रिसमसनंतरच्या आठवड्यात मशीनकडे बघूसुद्धा नका. कामाच्या दिवशी सकाळी दुकान उघडल्यावर मशीन रिकामं असतं. दुपारनंतर ते भरतं, स्क्रीनवर तसा मेसेज येतो आणि मग कोणीतरी कर्मचारी येऊन आतलं भरलेलं काढून नवीन लावेपर्यंत सगळी रांग मुकाट उभी. कधी कधी नुसता कॅनचा भाग भरलेला असतो आणि बाटल्या चालू असतात, किंवा उलटं, तेव्हा मशीन बंद दिसलं तरी स्क्रीन नीट वाचा. आमच्या भागातल्या एका दुकानातलं मशीन इतक्या वेळा बंद असतं की त्याच्यावरचा हाताने लिहिलेला कागद आता पिवळा पडलाय. अशा दुकानावर विसंबून राहू नका, दुसरा पर्याय डोक्यात ठेवाच.

मशीनसमोर उभं राहिल्यावर एकेक भांडं आडवं, बुडाची बाजू आधी, आत ठेवायचं. घाई करून दोन एकदम ढकलली की ते अडतं आणि परत सगळं पहिल्यापासून. प्लॅस्टिकच्या बाटलीचं टोपण लावलेलंच ठेवा, आता तसंही ते बाटलीला जोडलेलं येतं. परत बाहेर आलं तर रागावण्याआधी एवढं करा: बारकोड ओला असेल तर बाहीने पुसा, सुरकुती पडली असेल तर बोटाने सपाट करा, आत पाणी राहिलंय का बघा, आणि बाटली थोडी फिरवून पुन्हा ठेवा. तरी नाही घेतलं तर दुसऱ्या दुकानातल्या मशीनवर एकदा प्रयत्न करा, सगळी मशीन सारखी नसतात. सगळं घालून झालं की शेवटचं बटण दाबून पावती काढायची, हे न करता फोन बघत बाजूला झालात तर तुमच्या बाटल्यांचे पैसे मागच्याच्या पावतीत जातील, आणि मागचा सज्जन असेलच असं नाही. मशीनने गिळलं आणि मोजलंच नाही असं झालं तर जागचं हलू नका, स्क्रीनचा फोटो काढा, कर्मचाऱ्याला बोलवा. एकदा आत चेपलं गेलं की तुमच्याकडे दाखवायला काही उरत नाही.

पावती म्हणजे पैसे नव्हेत, ती त्या दुकानात वापरायची चिठ्ठी आहे. लिडलची आल्डीत चालणार नाही. पण खरेदी करायलाच पाहिजे अशी सक्ती नाही, काउंटरवर रोख मागता येतात आणि द्यावे लागतात, फक्त सेल्फ-चेकआउटला उगाच खटपट न करता माणूस बसलेल्या टिलवर जा. चिठ्ठी पाकिटात साठवत बसू नका, त्या कागदावरची अक्षरं उडतात, जीन्सच्या खिशात धुतली गेली तर विषयच संपला. त्याच दिवशी वापरा.

आता लोक एवढे का चिडतात तेही सांगतो, कारण ती चीड काही खोटी नाही. इथे घराघरात हिरवा बिन आधीपासून होता, कॅन आणि बाटल्या त्यातच जायच्या, दारातून उचलल्या जायच्या, आणि त्या बिनचे पैसे लोक आधीच कचरा कंपनीला भरतात. म्हणजे जे काम घरबसल्या होत होतं त्यासाठी आता आधी पैसे द्या, घरात उकिरडा साठवा, वाहून न्या, रांगेत उभे रहा आणि स्वतःचेच पैसे परत मिळाले म्हणून खूश व्हा. गाडी नसलेल्यांना, म्हाताऱ्या माणसांना, व्हीलचेअरवाल्यांना हे किती अवघड जातं याचा विचार नीट झालेला नाही असं माझं स्पष्ट मत आहे. सरकारची बाजू अशी की युरोपियन युनियनच्या नियमाने प्लॅस्टिकच्या बाटल्या २०२५ पर्यंत ७७ टक्के वेगळ्या गोळा करायच्या होत्या आणि २०२९ पर्यंत ९० टक्के करायच्याच आहेत आणि नुसत्या हिरव्या बिनने तो आकडा गाठता येत नव्हता, शिवाय वेगळ्या आलेल्या स्वच्छ पेटपासून पुन्हा बाटली बनते. तेही खरं आहे. याच देशाने २००२ मध्ये प्लॅस्टिकच्या पिशवीवर १५ सेंट लावले तेव्हाही कुरकुर झालीच होती, आणि काही दिवसात लोक पिशवी घेऊन दुकानात जायला लागले. पण पिशवीत सवय बदलायची होती, इथे चांगली सवय मोडून दुसरी लावायची आहे, म्हणून राग जास्त. जर्मनीतले आपले लोक म्हणतात आम्ही तर २००३ पासून हेच करतोय, काय एवढं, पण तिथे पिढ्यानपिढ्या बाटल्या परत करायची रीत होती. आपल्याकडे तरी काय वेगळं, सोड्याची काचेची बाटली घरी न्यायची तर दुकानदार डिपॉझिट ठेवून घ्यायचाच की. आणि महाराष्ट्रात २०१८ च्या प्लॅस्टिकबंदीत पेट बाटलीवर डिपॉझिटची तरतूद होती, ती कागदावरून खाली कधी उतरलीच नाही, सगळा भार अजूनही भंगारवाल्यावर आणि कचरा वेचणाऱ्या बायकांवर. गोव्यानेही २०२४ मध्ये अशा योजनेची अधिसूचना काढली आहे, तिथल्या मित्रांनी हा लेख जपून ठेवायला हरकत नाही.

गणपती, दिवाळी, वाढदिवस असे हॉल घेऊन केलेले कार्यक्रम हा वेगळाच विषय. दोनशे माणसं म्हणजे दोनशे-तीनशे छोट्या बाटल्या, सुमारे ३०-४५ युरोचं डिपॉझिट, आणि कार्यक्रम संपल्यावर स्वयंसेवक नेहमीच्या उत्साहात सगळं चेपून काळ्या पिशवीत भरून मोकळे. खरा उपाय म्हणजे छोट्या बाटल्या आणूच नका, हॉलच्या नळाचं पाणी पिण्याजोगं असतं, जग आणि पेले ठेवा. आणल्याच तर दाराशी एक उघडी बॅग ठेवून वर ठळक अक्षरात 'चेपू नका' लिहा, कॉलेजातल्या पोरांना सांगा पैसे तुमचे, एकही बाटली मागे राहणार नाही. आणि बाहेर फिरताना रिकामा कॅन घरी न्यायचा नसेल तर कचऱ्याच्या डब्यात खोल टाकू नका, डब्लिनमध्ये काही डब्यांना बाहेरून कडं लावलंय त्यात ठेवा, ज्याला गरज आहे तो घेऊन जातो, नाहीतर लोक त्या १५ सेंटसाठी डबा उपसतात आणि कचरा रस्त्यावर येतो.

दोन-तीन गोष्टी राहिल्या. सीमेपलीकडे उत्तर आयर्लंडमध्ये, म्हणजे ब्रिटनच्या हद्दीत, न्यूरी किंवा बेलफास्टला जाऊन स्वस्तात खोके भरून आणलेत तर त्यावर डिपॉझिट भरलेलं नसतं, लोगो नसतो, ते इथल्या मशीनमध्ये घालायला जाऊ नका. तिकडची योजना ऑक्टोबर २०२७ ला सुरू व्हायची ठरली आहे. दुकानात किंमत आणि डिपॉझिट वेगवेगळं लिहिलेलं नसेल तर आधी मॅनेजरला सांगा, दाद नाही दिली तर ग्राहक आयोगाकडे, म्हणजे सीसीपीसीकडे तक्रार करता येते. मशीन रोजच बंद असेल तर तारीख, वेळ आणि फोटोसकट री-टर्नलाच लिहा, नुसतं 'तुमचं मशीन चालत नाही' लिहिलंत तर तसंच गुळमुळीत उत्तर येतं.