कला हातात आहे, तरी धंदा का उभा राहत नाही? या चुका टाळा

नाशिकच्या इंदिरानगरात आमच्या घराच्या पुढच्या खोलीत मी आरी वर्कचा, म्हणजे आकड्यासारख्या सुईनं ताणलेल्या कापडावर करायच्या भरतकामाचा, स्टँड लावला, त्याला अकरा वर्षं झाली. पैठणीवरची ब्लाउज हे माझं मुख्य काम. यातली पहिली तीन वर्षं मी जवळजवळ फुकट राबले आणि ते मला कळलंही नाही. ऑर्डरी येत होत्या, कौतुक होत होतं, पण महिनाअखेर पर्समध्ये काही उरत नव्हतं. आता माझ्याकडे शिकायला येणाऱ्या मुली, शेजारच्या बिल्डिंगमध्ये मसाले करणाऱ्या वहिनी, केक करणारी माझी भाची, सगळ्यांकडून मी हीच तक्रार ऐकते. हात चांगला असलेल्या माणसाच्या चुकाही बहुधा त्या चांगल्या हातामुळेच होतात.

ऑर्डरी भरपूर, पैसा दिसत नाही

जे काम सहज येतं, त्याला आपण कष्ट म्हणतच नाही. टीव्ही बघता बघता टाके घातले, दुपारी सगळे झोपले तेव्हा वेल पूर्ण केली. त्याचे कसले पैसे लावायचे? इथेच घोडं पेंड खातं.

माझ्या एका ब्लाउजचा हिशेब मांडते. पाठीच्या गळ्याला मोराची जोडी, दोन्ही बाह्यांवर जरदोसीची वेल. घेतले 1,800 रुपये. मोती, कट दाणा, जरदोसी आणि जरीचा धागा मिळून 450. शिवणाऱ्या ताईंना 350. अस्तर, ट्रेसिंग पेपर, पिशवी यांचे 100. उरले 900. स्टँडवर 22 तास बसले होते, म्हणजे तासाला 41 रुपये. मग आठवलं, डिझाइन काढण्यात, व्हॉट्सॲपवर फोटो पाठवून रंग ठरवण्यात आणि मणी आणायला मेन रोडला घातलेल्या दोन खेपांत आणखी आठ तास गेले होते. ते धरले तर तासाला 30 रुपये. त्या रात्री मी त्या वहीच्या पानाकडे कितीतरी वेळ बघत बसले होते.

उपाय साधा आहे. कामाच्या जागी एक वही ठेवा. बसताना वेळ लिहा, उठताना लिहा. पंधरा दिवस नेमाने केलंत की खरा आकडा समोर येतो. मग भाव असा काढा: माल, शिलाई, तुमचे तास गुणिले तासाचा दर, आणि वर साधारण दहा टक्के. सुई मोडते, मणी सांडतात, विजेचं बिल येतं, ते या दहा टक्क्यांतून निघतं. तासाचा दर किती धरायचा, हे मला सगळ्यात जास्त विचारलं जातं. हेच काम दुसऱ्या कारागिराकडून करून घ्यायचं झालं तर तो जे घेईल, त्याच्या खाली जायचं नाही. कारण उद्या काम वाढलं की हाताखाली कोणीतरी लागणारच, आणि तिची मजुरी तुमच्या भावात बसत नसेल तर धंदा तुमच्या दोन हातांपुढे कधीच जाणार नाही.

गिऱ्हाइकाला भाव परवडत नसेल तर दर पाडू नका, तास कमी करा. मी एका कापडावर तीन नमुने करून ठेवले आहेत: सहा तासांचा, बारा तासांचा आणि पंचवीस तासांचा. नुसत्या बाहीच्या काठावर बुट्ट्या घेतल्या तरी ब्लाउज छान दिसतं. नमुना हातात दिला की घासाघीस आपोआप कमी होते.

पहिल्यांदा आवडलं, दुसऱ्यांदा ‘तसं नाही’

ही खाण्याच्या धंद्यातली हमखास अडचण. मसालेवाल्या वहिनींचा काळा मसाला असा की वासानं जिन्यात पाय थबकावा. पण सगळं अंदाजानं, ‘मला डोळ्यानंच कळतं’ म्हणून. मग तक्रारी सुरू झाल्या. कधी तिखट जास्त, कधी मसाला ओलसर, आणि एकदा तर पाकिटात बुरशी.

आम्ही दोघींनी बसून शोधलं. उन्हाळ्यात केलेल्या मसाल्याची एकही तक्रार नव्हती, सगळ्या दिवाळीनंतरच्या. उन्हाळी कांदा टिकाऊ, त्यात पाणी कमी. थंडीत बाजारात येतो तो लाल कांदा पाण्याचा, म्हणूनच तो फार साठवत नाहीत. वहिनी मात्र दोन्ही वेळेस तितकाच कांदा घेऊन तितकेच दिवस वाळवत होत्या, आणि थंडीतलं ऊन ते केवढं! आता त्या वर्षाचा कांदा एप्रिल-मेमध्येच वाळवून हवाबंद डब्यांत भरतात. मिरची, धणे, खोबरं, दगडफूल सगळं वजनकाट्यावर. प्रत्येक घाण्याला नंबर आणि तारीख.

सुगरणीला वजनकाटा म्हणजे अपमान वाटतो, हे मी समजू शकते. पण घरच्यांना रोजची भाजी थोडी वेगळी लागली तर चालतं. पैसे मोजून नेलेलं दुसरं पाकीट पहिल्यासारखंच लागायला हवं.

आणि खाण्याचं काही विकत असाल तर एफएसएसएआयची, म्हणजे सरकारच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाची, नोंदणी घरगुती असलात तरी लागते. पाकिटावर तो क्रमांक, घटक, वजन, पॅकिंगची तारीख आणि कधीपर्यंत वापरायचं हे छापा.

मला आवडतं, पण कोणी घेत नाही

मला खरी आवड लिननवरच्या बारीक कशिद्याची. वर्षभर कुशन कव्हरं करून बघितली, विकली गेली जेमतेम. येवला आपल्याच जिल्ह्यात, त्यामुळे नाशिकच्या लग्नघरात पैठणी असतेच, आणि तिच्यावर साजेसं ब्लाउज हवंच असतं. तोच हात, तीच सुई, फक्त कापड बदललं. आवड सोडावी लागली नाही, तिला गिऱ्हाईक असलेल्या जागी नेऊन बसवावं लागलं. कशिदा मी अजून करते, पावसाळ्यात, स्वतःसाठी.

पावसाळ्यात म्हणते, कारण या कामाला हंगाम आहे. तुळशीचं लग्न लागलं की फोन सुरू होतात ते मे संपेपर्यंत. पितृपक्षात शुकशुकाट. हे माहीत नसल्यानं पहिल्या वर्षी भाद्रपदात मला वाटलं होतं, आपला धंदा बसला. आता मंदीच्या महिन्यांत नमुने करते, क्लास घेते, आणि हंगामातले थोडे पैसे त्यासाठी मागे टाकते.

ओळखीचे पैसे अडकतात

‘तू घरचीच आहेस गं’ हे वाक्य कानावर पडलं की जीभ जड होते. मी दोन नियम केले. अर्धे पैसे आगाऊ आल्याशिवाय कापडावर खाका मारायचा नाही, मग सख्खी नणंद असो. आणि जवळच्यांना द्यायचंच असेल तर स्वस्तात द्यायचं नाही, आहेर म्हणून पूर्ण फुकट द्यायचं. वर्षाला दोन, तेही मी ठरवणार.

दुकान, कर्ज, कागदपत्रं

चार ऑर्डरी वाढल्या की कॉलेज रोडला गाळा बघायला जाऊ नका. घरातून सहा महिने सलग, त्या भाड्याएवढी रक्कम बाजूला टाकून बघा. जमली तर पुढचं बोलू. उद्यम नोंदणी, म्हणजे छोट्या उद्योगांची सरकारी नोंदणी, सरकारी पोर्टलवर मोफत होते, आधार आणि पॅन लागतं. माझ्याकडून एका एजंटनं त्याचे 1,500 रुपये घेतले होते. धंद्याचं बँक खातं वेगळं ठेवा, नाहीतर यूपीआयवर आलेला पैसा किराण्यात कधी विरघळतो ते कळत नाही. मुद्रा योजनेच्या शिशु गटात 50,000 पर्यंत कर्ज मिळतं, पण ते मशीनसाठी घ्या, मालाचे ढीग लावायला नको.

हे मुद्दाम सांगते, कारण 2027 च्या सिंहस्थ कुंभमेळ्यासाठी आत्तापासून उसनवारी करून माल भरायचे बेत मी ऐकते आहे. पर्वणीच्या, म्हणजे मुख्य स्नानाच्या, दिवशी रस्ते बंद असतात, भाविक मैलोगणती चालत गोदावरीवरच्या रामकुंडाकडे जातात. त्यांच्या पिशवीत मावेल, प्रवासात टिकेल, असं तुमच्याकडे काही असेल तरच त्या वाटेला जा.

भाव वाढवला तर जुनी गिऱ्हाइकं तुटतील?

मलाही हीच धास्ती होती. शेवटी मी पाडव्याच्या महिनाभर आधी सगळ्यांना मेसेज केला: पाडव्यापासून नवे दर, आधी दिलेल्या ऑर्डरी जुन्याच दरात. कारणं दिली नाहीत, माफीही मागितली नाही. बावीस जुन्या गिऱ्हाइकांपैकी पाच जणी गेल्या. गंगापूर रोडच्या एका काकूंचा तेवढा फोन आला. मी त्यांना वहीतलं ते पान वाचून दाखवलं, तासांसकट. त्या थोडा वेळ गप्प होत्या. मग म्हणाल्या, “तीस तास? अगं, आधी सांगायचंस ना. बरं, सुनेचं माप द्यायला शनिवारी येऊ का?”