टेलिव्हिजन सेंटरवर प्रबंध लिहिण्यापूर्वी फुटपट्टी तपासून घ्यावी

लंडनच्या पश्चिम भागात, व्हाइट सिटीजवळ वुड लेनवर उभ्या असलेल्या बीबीसीच्या टेलिव्हिजन सेंटरवर मी माझा पदव्युत्तर प्रबंध लिहिला आणि तो पहिल्या खेपेला परत आला. महाराष्ट्रात वास्तुशास्त्राची पदवी घेऊन, कर्ज काढून इंग्लंडला गेलेल्या विद्यार्थ्याचा प्रबंध परत येणे म्हणजे काय, हे ज्याच्यावर गुदरते त्यालाच कळते. आईला मी फोनवर ‘थोड्या दुरुस्त्या सांगितल्या आहेत’ एवढेच सांगितले. पुन्हा सादर करण्यासाठी वेगळी फी भरावी लागणार आहे, हे सांगण्याचे धैर्य मला झाले नाही. स्टुडिओच्या इमारतींचा अभ्यास करू इच्छिणारे आपल्याकडचे विद्यार्थी बहुधा याच वास्तूपासून सुरुवात करतात, म्हणून हे लिहीत आहे. प्लॅन (वरून दिसणारा आराखडा), सेक्शन (उभा छेद) आणि स्केल (प्रमाण) म्हणजे काय हे तुम्हाला ठाऊक आहे, असे मी धरून चालते.

पहिली गोष्ट प्रश्नचिन्हाची, कारण ती तुम्हाला पहिल्याच दिवशी भेटेल. बीबीसीने १९४९ साली येथे सुमारे १३ एकर जागा घेतली. १९०८ मध्ये ज्या मैदानावर फ्रान्स आणि ब्रिटन यांचे संयुक्त प्रदर्शन भरले होते, त्याचाच हा भाग. नॉर्मन अँड डॉबार्न या संस्थेचे वास्तुविशारद ग्रॅहम डॉबार्न यांच्या हाती अपेक्षांची जवळपास ५० पानांची यादी आली. ती घेऊन ते एका पबमध्ये बसले, खिशातल्या जुन्या पाकिटावर त्यांनी त्रिकोणी भूखंड काढला, मती गुंग झाल्यामुळे त्यावर एक प्रश्नचिन्ह रेखाटले आणि त्यांच्या ध्यानात आले की हाच आकार या जागेला बसतो, अशी ती कथा आहे. कथा गोड आहे आणि म्हणूनच घातक आहे. मी तिच्यावर अकरा पाने खर्च केली. मार्गदर्शकांनी समासात ‘छान’ असे लिहिले, आणि तेव्हापासून ‘छान’ लिहिणाऱ्या मार्गदर्शकांविषयी माझे मत चांगले नाही. पाकिटावरचे चित्र इमारतीचा आकार सांगते. तो आकार पुढे अर्धशतक का टिकला, हे सांगत नाही.

तो टिकला तो वाहतुकीमुळे. टेलिव्हिजनचा स्टुडिओ म्हणजे रोज उभी राहणारी आणि रोज मोडली जाणारी खोली असते. सेट येतो, लावला जातो, तालीम होते, चित्रण होते, सेट निघतो आणि रात्रीतून दुसरा आत येतो. या कामात सुतारांची आणि नटांची वाट एकच असेल, तर दोघांचाही दिवस वाया जातो. डॉबार्न यांनी स्टुडिओ एका वर्तुळाभोवती पाकळ्यांसारखे मांडले. आतल्या कड्यात कचेऱ्या आणि माणसांचे येणे-जाणे ठेवले, तर बाहेरच्या कडेने नेपथ्याचे सामान वाहून नेण्याचा रुंद मार्ग फिरवला. कलाकार आतून येतो, भिंती-दरवाजे-जिने बाहेरून येतात आणि दोघांची गाठ फक्त स्टुडिओत पडते. नेपथ्याची इमारत सर्वांत आधी, १९५३ मध्ये बांधून झाली, यातच सगळे आले. सरकारने बांधकामांवर घातलेल्या निर्बंधांमुळे मुख्य इमारत रखडली होती आणि तोवर बीबीसीने लाइम ग्रोव्हचे जुने चित्रपट स्टुडिओ विकत घेऊन काम भागवले. ‘तात्पुरते’ म्हणून घेतलेले ते स्टुडिओ १९९१ पर्यंत चालले. तात्पुरत्या सोयीचे आयुष्य किती असते, हे आपल्याला कोणी शिकवायला नको.

गोल इमारतीत वाट चुकते, ही तक्रार खरी आहे. नव्याने आलेली माणसे कड्याला फेरी मारून पुन्हा त्याच दारापाशी येत, याचे विनोद तेथे काम केलेला प्रत्येक जण सांगतो.

२९ जून १९६० रोजी सेंटर सुरू झाले ते तिसऱ्या क्रमांकाच्या स्टुडिओतून. येथे एक लहानसा खड्डा आहे: स्टुडिओंचे क्रमांक हा त्यांच्या उद्घाटनाचा क्रम नव्हे. टीसी १ (टीसी म्हणजे टेलिव्हिजन सेंटर), सुमारे ९९५ चौरस मीटरचा सर्वांत मोठा स्टुडिओ, एप्रिल १९६४ मध्ये खुला झाला; टीसी ७ त्याच्या दोन वर्षे आधीच कामाला लागला होता; टीसी ६ आणि टीसी ८ रंगीत प्रक्षेपणाच्या वर्षी, १९६७ मध्ये आले. बातम्यांचा विभाग अलेक्झांड्रा पॅलेसहून १९६९ साली येथे हलला. आपले मुंबई दूरदर्शन २ ऑक्टोबर १९७२ रोजी सुरू झाले, तेव्हा या इमारतीला बारा वर्षे होऊन गेली होती. काळाचा अंदाज यावा म्हणून हे सांगितले, तुलना करण्यासाठी नव्हे.

आता सेक्शन. प्लॅनच्या प्रेमात पडलेला विद्यार्थी सेक्शनकडे दुर्लक्ष करतो, मीही केले. स्टुडिओचे मोल त्याच्या उंचीत असते. वर दिव्यांची ग्रिड, तिला लटकणारे आणि मोटरने खाली-वर होणारे दिव्यांचे बार, त्या दिव्यांची प्रचंड उष्णता, आणि ती बाहेर काढण्यासाठी लागणारी हवा. ही हवा जोरात सोडली तर मायक्रोफोनमध्ये घोंघावते. म्हणून ती रुंद नळांतून अगदी सावकाश सोडावी लागते आणि रुंद नळ इमारतीची जागा खातात. जड भिंती शेजारच्या स्टुडिओचा आणि बाहेरच्या रस्त्याचा आवाज अडवतात. जमीन इतकी सपाट हवी की चालत्या कॅमेऱ्याखाली चित्र थरथरता कामा नये. वरच्या मजल्यावर दिग्दर्शक, ध्वनी आणि प्रकाश यांच्या गॅलऱ्या, म्हणजे नियंत्रणाच्या खोल्या. खाली पाहण्यासाठी त्यांना काचा दिल्या होत्या, पण समोर सेटची पाठ आली की त्या काचांतून प्लायवुडखेरीज काही दिसत नसे. हे सगळे एका सेक्शनमध्ये दिसते. प्लॅनमध्ये तुम्हाला फक्त एक चौकोन दिसतो.

त्या चौकोनानेच माझा घात केला. हा भाग मी सावकाश सांगणार आहे. कंटाळा आला तरी वाचावा.

माझ्याकडे एका स्टुडिओचे दोन प्लॅन होते, एक साठच्या दशकातला आणि एक पुष्कळ नंतरचा. दोन्हींच्या झेरॉक्स मी खोलीच्या खिडकीच्या काचेवर एकावर एक धरल्या. त्या जुळेनात. नव्या प्लॅनवरील स्टुडिओ सर्व बाजूंनी आखूड दिसत होता. तेव्हा मी शहाणपणा केला आणि असा निष्कर्ष काढला की मधल्या काळात भिंतींना आतून ध्वनिशोषक अस्तर लावले असावे. त्या अस्तरावर मी दोन पाने लिहिली, त्याची जाडी काढली, आणि ‘साठच्या दशकातील ध्वनिविचारातील बदल’ असा मथळाही दिला. असे कोणतेही काम त्या स्टुडिओत झालेले नव्हते.

चूक तीन ठिकाणी होती आणि पहिल्या दोन एकाच दिशेने ओढत होत्या.

जुना प्लॅन पाव इंचाला एक फूट या प्रमाणात होता, म्हणजे १:४८. नवा १:५० होता. १०० फूट लांबीची भिंत पहिल्या कागदावर ६३.५ सेंटिमीटर येते आणि दुसऱ्यावर ६१ सेंटिमीटरांहून किंचित कमी. अडीच सेंटिमीटरांचे अस्तर येथेच तयार झाले.

दुसरी चूक अशी की जुन्या प्लॅनवरील मापे भिंतीपासून भिंतीपर्यंत होती, तर नव्यावरील मापे फायर लेनच्या आतली होती. आग लागल्यास माणसांना बाहेर पडता यावे म्हणून भिंत आणि सेट यांच्यामध्ये चारही बाजूंनी एक वाट मोकळी ठेवतात. तिची रेघ जमिनीवर रंगवलेली असते आणि नेपथ्यकाराचा स्टुडिओ त्या रेघेच्या आत संपतो. हिशेबासाठी समजा, स्टुडिओ १०० फूट × ८० फूट आहे आणि वाट चार फुटांची आहे. भिंतीपर्यंतचे क्षेत्रफळ ८,००० चौरस फूट, तर वापरता येणारे ९२ × ७२, म्हणजे ६,६२४ चौरस फूट. सतरा टक्के जागा गेली, आणि एकही वीट हललेली नाही.

तिसरी चूक सर्वांत चोरटी आहे. ब्रिटनमधील टेलिव्हिजनवाल्यांनी मेट्रिक मापे स्वीकारली, पण फुटांत विचार करण्याची सवय सोडली नाही. त्यांनी तोड काढली ती ‘मेट्रिक फूट’ नावाच्या मापाची: बरोबर ३० सेंटिमीटर. खरा फूट ३०.४८ सेंटिमीटरांचा. १:५० च्या प्लॅनवर आखलेल्या जाळीत मेट्रिक फुटाचा एक चौकोन बरोबर ६ मिलिमीटरांचा येतो, म्हणून आखणाऱ्याला तो सोयीचा. प्लॅनच्या कडेला नुसते आकडे असतात, ०, १०, २०. हे फूट कोणते, हे कोणी लिहीत नाही, कारण स्टुडिओतल्या प्रत्येकाला ते माहीत असते. मी चौकोन मोजले आणि ०.३०४८ ने गुणले. ९२ चौकोनांत सुमारे ४४ सेंटिमीटरांचा फरक पडतो आणि क्षेत्रफळात तीन टक्क्यांहून थोडा अधिक. आकडा एवढा लहान की चुकीचा वाटत नाही, आणि एवढा मोठा की तुलनेचा तक्ता बिघडवतो.

तोंडी परीक्षेत बाह्य परीक्षकांनी ती दोन पाने उघडली आणि शांतपणे विचारले, ‘‘हे अस्तर कोणत्या वर्षी लावले?’’ मला वर्ष सांगता आले नाही. मग त्यांनी विचारले, ‘‘आणि हे फूट कोणते?’’ तो प्रश्नच मला कळला नाही. पुढची वीस मिनिटे मला आठवत नाहीत.

तुमचे असे होईल का? दुर्लक्ष केलेत तर नक्की होईल. पण दुरुस्ती अवघड नव्हती, हेही तितकेच खरे. तक्ता तीन दिवसांत नव्याने झाला. प्रत्येक मापापुढे मी तीन रकाने वाढवले: कुठून कुठपर्यंत, कोणत्या एककात, कोणत्या वर्षीच्या कागदावरून. अकरा पानांचे प्रश्नचिन्ह दीड पानावर आले. दुसऱ्या खेपेला प्रबंध स्वीकारला गेला आणि त्याच परीक्षकांनी सर्वांत जास्त बोलायला लावले ते तक्त्याखालच्या टिपांवर. तेव्हा घाबरू नका.

सोप्या वाटांविषयी माझे मत कडवट आहे. इंटरनेटवरील यादीतून क्षेत्रफळे उचलून त्रिमितीय मॉडेल उभे करणे हा सध्याचा लाडका मार्ग आहे. मॉडेल सुंदर दिसते आणि त्यात वर सांगितलेल्या तिन्ही चुका एकत्र नांदत असतात. त्याऐवजी रेडिंगजवळच्या कॅव्हरशॅम येथील बीबीसीच्या लेखी कागदपत्रांच्या संग्रहाला वेळ द्या. मी गेले तेव्हा आधी विषय कळवून वेळ ठरवावी लागली होती. आणि प्राध्यापकांपेक्षा निवृत्त तंत्रज्ञ शोधा. दिव्यांच्या विभागात आयुष्य घालवलेल्या एका गृहस्थांनी माझा तक्ता पाहून दोन मिनिटांत जे सांगितले, ते आमच्या विभागात वर्षभर कोणी सांगितले नव्हते. असे लोक फटकळ असतात, पत्राला उत्तर उशिरा देतात, तुमचा सिद्धान्त ऐकून घेत नाहीत. तरीही चिकाटी सोडू नका.

प्रत्यक्ष इमारत पाहताना काय उरले आहे, हे जाणून जा. जून २००९ मध्ये मधले वर्तुळ आणि टीसी १ यांना दुसऱ्या श्रेणीचे वारसा-संरक्षण मिळाले. २०१२ साली बीबीसीने जागा स्टॅनहोप या विकासक कंपनीला २० कोटी पौंडांना विकली आणि ३१ मार्च २०१३ रोजी सेंटर बंद झाले. टीसी ४ ते टीसी ८ पाडले गेले, तेथे घरे आली. टीसी १, २ आणि ३ सप्टेंबर २०१७ मध्ये पुन्हा सुरू झाले. मधल्या चौकात शिल्पकार टी. बी. हक्सली-जोन्स यांचा सोनेरी हेलिऑस, म्हणजे ग्रीकांचा सूर्यदेव, खांबावर उभा आहे, पायाशी ध्वनी आणि दृश्य यांच्या दोन आडव्या मूर्ती. टीसी १ च्या बाहेरील भिंतीवरचे गोल ठिपकेही पाहा. त्या भिंतीला खिडकी नाही, कारण आत स्टुडिओ आहे. एवढी मोठी कोरी भिंत रस्त्यावरून सुसह्य कशी करायची, या प्रश्नाचे ते ठिपके उत्तर आहेत.

स्टुडिओत मोजमाप करू देत नाहीत. मी एका कार्यक्रमाच्या चित्रणाला प्रेक्षक म्हणून गेले होते. मध्यंतरात शेजारच्या बाईंनी आपली पिशवी भिंतीकडे सरकवून ठेवली. लगेच एक कर्मचारी आला, त्याने ती उचलून रेघेच्या आत आणून ठेवली आणि काही न बोलता निघून गेला. मी त्या रेघेपासून भिंतीपर्यंतचे अंतर बुटाच्या लांबीने मोजले आणि तिकिटाच्या मागे लिहून ठेवले. टीसी ४ ते ८ यांच्या बाबतीत आता तेवढेही करता येणार नाही. त्यांचे प्लॅन हाती आले, तर पहिल्यांदा चौकोनाची बाजू मिलिमीटरमध्ये मोजून घ्या.