कॉलेजच्या बेसबॉल संघाचा कोच व्हायचंय?

बी.पी.एड. (शारीरिक शिक्षणाची पदवी) कराच, पण त्याआधी एखाद्या संघाबरोबर दोन सीझन फुकट राबा. मी तसंच शिकलो. सोलापूरच्या उन्हात सराव सकाळी ६ ला. एप्रिलमध्ये नऊनंतर पोरांना मैदानात ठेवू नका. टेप घेऊन मैदान स्वतः आखा: लागोपाठच्या दोन बेसमध्ये (धावून गाठायच्या खुणांमध्ये) २७.४३ मीटर, पिचरची म्हणजे बॉल फेकणाऱ्याची पट्टी होम प्लेटपासून (बॅटवाला उभा राहतो तिथली खूण) १८.४४ मीटर.

आमच्याकडे पोरं क्रिकेटमधून येतात, बॉल टप्पा पडूनच येणार असं धरून उभी राहतात. त्यांना लगेच बॅट देऊ नका. आधी ग्लोव्ह. बॉल ग्लोव्हमध्ये बसला की दुसरा हात त्यावर आलाच पाहिजे.

पिचरचा खांदा मात्र जिवापाड जपा. प्रत्येक फेक वहीत मांडा. मी मांडत नव्हतो, तेव्हा एक गुणी पोरगा खांदा धरून बसला, तो परत आलाच नाही.